पियानोला तुमचा सा कुठला ते आधी सांगा

या खेपेला पत्रं आणि मेल मिळून जवळजवळ सगळे प्रश्न डिजिटल पियानोच्या सेटिंगचे आलेत, त्यामुळे तबला आणि बासरीवाल्यांनी थोडं थांबावं, तुमचे प्रश्न पुढच्या अंकात नक्की घेते.

प्रश्न (सातारा) : आमच्याकडे सासऱ्यांची जुनी पेटी आहे आणि मुलीसाठी आता डिजिटल पियानो घेतलाय. आजोबा-नात एकत्र भजन वाजवायला बसले की कानाला त्रास होतो, कुठलीही पट्टी घेतली तरी. दुकानदार म्हणतो की डिजिटल पियानो कधी बेसूर होतच नाही, म्हणजे पेटीच बिघडलीय. सासरे हे ऐकल्यापासून पेटीला हात लावत नाहीत. ट्यूनिंगला द्यावी का?

उत्तर : देऊ नका. निदान आधी मी सांगते ते करून बघा, कारण बहुतेक वेळा पेटी बिघडलेली नसते, ती फक्त वेगळ्या पट्टीला लावलेली असते. पियानो कारखान्यातून येतानाच पांढरी सहा, म्हणजे मधल्या सप्तकातला ए, ४४० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ४४० कंपनांना, लावून येतो. हे ४४० काही अनादी काळापासून चालत आलेलं नाहीये, १९३९ साली लंडनच्या परिषदेत ते सुचवलं गेलं आणि १९५५मधे आयएसओ या आंतरराष्ट्रीय प्रमाणसंस्थेने प्रमाण म्हणून घेतलं, त्याच्याही आधी फ्रान्सने १८५९मधे ४३५ कायद्यानेच ठरवलं होतं. पेटी बनवणारा कारागीर त्याच्याकडच्या नमुन्याच्या सुरांना धरून पट्टी लावायचा, तो नमुना ४४०चाच असेल असं काही नाही, म्हणून जुन्या पेट्या ४३५लाही सापडतात आणि ४४५लाही.

आता काय करायचं ते सांगते. पेटी डबल किंवा ट्रिपल रीडची असेल तर स्टॉपर बंद करून एकच लाइन वाजू द्या. पियानोवर ग्रँड पियानोचा आवाज नको, साधा ऑर्गनचा आवाज घ्या, आणि त्यातला रिव्हर्ब, कोरस, रोटरी असलं जे काही असेल ते सगळं बंद करा. मग मधल्या सप्तकातली पांढरी सहा दोन्हीकडे एकदम दाबून धरा आणि भाता एकसारखा हलू द्या, कारण भाता जोरात मारला की रीडचा सूर किंचित हलतो. तुम्हाला आवाजात एक लाट ऐकू येईल, व्वं-व्वं-व्वं अशी. सेकंदाला तीन लाटा आल्या तर दोघांत तीन हर्ट्झचा फरक आहे, म्हणजे पेटी ४४३ला तरी आहे किंवा ४३७ला. आता मेनूत "मास्टर ट्यूनिंग" किंवा नुसतं "ट्यूनिंग" असेल ते काढा आणि एकेक पायरी वर न्या. लाटा सावकाश होत गेल्या तर दिशा बरोबर, वाढल्या तर उलट फिरा. लाट पूर्ण थांबली की तोच आकडा तुमच्या पेटीचा. मेनू नसलेल्या छोट्या मॉडेलमधे एखादं बटण दाबून धरून ठराविक पट्ट्या दाबायच्या असतात, ते मॅन्युअलमधे दिलेलं असतं.

एक मात्र लक्षात घ्या, "ट्रान्सपोज" म्हणजे हे नव्हे. ट्रान्सपोज अख्ख्या अर्ध्या सुराची उडी मारतं आणि तुमचा फरक बहुतेक अर्ध्या सुराच्या पाव भागाएवढाच असणार. आणि एक सूर जुळला म्हणून थांबू नका, सगळ्या बारा पट्ट्या जुळतात का बघा. अकरा जुळल्या आणि एकच ओरडतेय असं झालं, तर ती एक रीड कारागिराला दाखवा, तो टोकाकडे हलकं घासून सूर चढवतो नाहीतर बुडाकडे घासून उतरवतो, थोडक्यात काम होतं. आणि सासऱ्यांना आवर्जून सांगा की घरातला प्रमाण सूर त्यांच्या पेटीचाच राहणार आहे, पियानोने तिच्याकडे यायचंय. ते त्याला जमतं, पेटीला जमत नाही.

प्रश्न (कोल्हापूर) : मी ख्याल शिकते, माझी पट्टी काळी चार. तंबोरा ॲपवर लावते आणि अलंकार-पलटे डिजिटल पियानोवर वाजवत गाते. गुरुजी म्हणतात तुझा गंधार चढा लागायला लागलाय, पियानो बंद कर. मेनूत "टेम्परामेंट"मधे "प्युअर मेजर" म्हणून काहीतरी दिसलं, ते लावून चालेल का? एकदा लावलं तर सगळंच बेसूर वाजायला लागलं, घाबरून परत "इक्वल" केलं.

उत्तर : गुरुजींचा कान बरोबर आहे. सगळं बेसूर का झालं तेही सांगते, पण त्याआधी थोडं हिशोबाचं बोलावं लागेल कारण ते कळलं की पुढचं सगळं मेनूतलं आपोआप कळतं.

सप्तकाचे १२०० भाग करतात, एकेका भागाला सेंट म्हणतात. पियानोवर दर पट्टीला सरळ १०० सेंट वाटून दिलेत, हेच इक्वल टेम्परामेंट, टेम्परामेंट म्हणजे सप्तकात सूर वाटायची पद्धत. तंबोऱ्याचं तसं नसतं. खर्जाची तार नीट लागली, जवारी नीट खुलली की तिच्यातून गंधार आपोआप बोलतो, आपण त्याला स्वयंभू गंधार म्हणतो, तो सापासून ३८६ सेंटवर असतो. पियानोचा गंधार ४००वर. म्हणजे रोज तासभर तू कानाला सांगतेयस की गंधार इथे नाही, चौदा सेंट वर आहे. पंचमाचं काही वाटत नाही कारण शुद्ध पंचम ७०२ आणि पियानोचा ७००, त्यात काही जीव जात नाही. धैवत मात्र वाईट, शुद्ध ८८४ आणि पियानोचा ९००. निषाद १०८८च्या जागी ११००.

पियानो बनवणाऱ्यांनी हे मुद्दाम केलं का, तर हो, आणि त्याला कारण आहे. षड्ज-पंचम भावाने सूर काढत गेलं, सापासून प, त्या पला सा मानून पुढचा प, असं बारा वेळा, की आपण सात सप्तकं चढून परत सावर यायला पाहिजे, पण येत नाही. ७०२ बारा वेळा घेतले की ८४२४ होतात आणि सात सप्तकांचे ८४००. हे उरलेले साधारण २४ सेंट कुठेतरी जिरवावेच लागतात. सगळ्या पंचमांमधून दोन-दोन सेंट कापले की कुठल्याही पट्टीला सा धरता येतो, एका गाण्यात तीनदा पट्टी बदलता येते, फक्त कुठलाच गंधार खरा राहत नाही. ज्यांच्या संगीतात पट्टी सतत बदलते त्यांना हा सौदा परवडतो. आपला सा बैठक संपेपर्यंत हलत नाही, त्यामुळे आपल्याला त्याची गरजच नसते. ऑल इंडिया रेडिओने १९४० साली पेटीवर बंदी घातली ती उठायला १९७१ उजाडलं, त्यामागे मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सरकत जाणं, निघत नाही ही तक्रार जशी होती तशी या बारा सारख्या सुरांचीही होती. आणि आपल्याकडच्या लोकांनी त्यावर नुसतं नाक मुरडलं असंही नाही, सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच सप्तकातल्या बावीस श्रुती, म्हणजे सुरांच्या बारीक जागा, मोजल्या आणि क्लेमेंट्स या इंग्रज अधिकाऱ्याच्या साथीने श्रुतींची पेटी घडवण्याच्या मागे लागले, अलीकडे डॉ. विद्याधर ओकांनी बावीस श्रुतींची पेटी प्रत्यक्ष वाजती केली. तुझ्या मेनूतलं ते "प्युअर मेजर" याच वाटेवरचं आहे, त्याला परकं समजू नकोस.

आता बेसूर का झालं. या सेटिंगला नेहमी एक जोडीदार असतो, "बेस की", "रूट" किंवा "टेम्परामेंट की" अशा नावाने, आणि तो मुळात पांढरी एकवर ठेवलेला असतो. म्हणजे पियानोने पांढरी एकला सा धरून गंधार-धैवत खाली आणले आणि तू गायला लागलीस काळी चारवरून. तुझा सा त्याच्या हिशोबात भलताच कुठलातरी सूर होता. याहून वाईट प्रकार पांढरी दोनवाल्यांचा होतो, त्यांचा सा पडतो रिषभावर आणि पंचम पडतो धैवतावर, शुद्ध रिषभापासून शुद्ध धैवत ६८०वरच येतो, म्हणजे पंचम बावीस सेंट पडलेला! असा पंचम ऐकल्यावर कोणीही सेटिंग बंदच करणार. तेव्हा बेस की जी शार्प, म्हणजे तुझी काळी चार, कर, काही मॉडेलमधे ती ए फ्लॅट नावाने असते, एकच पट्टी आहे.

मग ऑर्गनच्या आवाजात सा-ग एकत्र दाबून धर आणि नुसतं ऐक. इक्वलमधे हाच सा-ग सतत थरथरत असतो, मधल्या सप्तकात पांढरी एकला सेकंदाला दहाएक लाटा येतात, तुझ्या पट्टीत कमी-जास्त होतील. प्युअर मेजरमधे बेस की बरोबर असेल तर ती थरथर जाते आणि दोन सुरांचा मिळून एकच सूर झाल्यासारखा वाटतो. हे एकदा ऐकलंस ना की सेटिंग बरोबर आहे की चूक हे आकडे न बघता कळेल. सा-प, सा-ध पण असेच ऐक. तंबोरा ॲपचा सा आणि पियानोचा सा एकाच हर्ट्झला आहेत ना तेही बघ, ॲपमधे सेंटची सुई कधीतरी चुकून सरकलेली असते.

बरेच जण ट्रान्सपोज लावून पांढरी एकवरूनच वाजवतात. तसं करत असशील तर बेस की दाबलेल्या पट्टीला चिकटते की वाजणाऱ्या सुराला, हे मॉडेलप्रमाणे बदलतं, म्हणून दोन्ही करून बघ आणि सा-ग ज्यात शांत लागेल ते ठेव.

प्युअर मेजर भूप, बिलावल, यमन यांना चांगलं. कोमल सुरांच्या रागांना त्यावर भरवसा ठेवू नकोस, काळ्या पट्ट्या कुठे ठेवायच्या हे प्रत्येक कंपनीने आपापल्या परीने ठरवलंय. रोलँडमधे हेच "जस्ट मेजर" नावाने असतं. कॅसिओच्या बऱ्याच मॉडेलमधे तर यादीच्या शेवटी गुर्जरी तोडी, चंद्रकौंस, चारुकेशी अशी नावंच आहेत, जरूर ऐकून बघ, पण गुरुजींना ऐकवून मगच रियाजाला घे. कवाईच्या वरच्या काही मॉडेलमधे आणि अनेक अरेंजर कीबोर्डवर प्रत्येक सूर स्वतः सेंटने हलवता येतो. तुझ्याकडे तशी सोय असेल तर भूपासाठी रे +४, ग −१४, प +२, ध −१६ लाव. यमनला त्यात तीव्र म −१० आणि नी −१२ घाल. कोमल सुरांची सुरुवात रे +१२, ग +१६, ध +१४ अशी कर, कोमल नी मात्र काही रागांत +१८ला गोड लागतो आणि काहींत −४ला, तो कानानेच ठरव. तोडीचा गंधार, दरबारीचा गंधार, भैरवाचा आंदोलित रिषभ यांच्या नादी मात्र कुठल्याही पट्टीवर लागू नकोस, ते सूर एका जागी उभेच राहत नाहीत, गळ्यातून गळ्यातच शिकायचे.

आणि माझं मत विचारशील तर अलंकार बसेपर्यंत पियानो ठीक, शुद्ध गंधार लावायचा असेल तेव्हा हात पट्टीवरून काढ आणि फक्त तंबोरा ऐक. यावरून पियानो किंवा पेटी वाईट असं मी म्हणत नाहीये हां, बालगंधर्वांच्या नाटकात ऑर्गनच वाजायचा आणि त्या साथीवर काय गाणं झालंय हे आपण सगळे जाणतो. पण गाणारा आधी तयार होता, सुरासाठी ऑर्गनकडे बघत नव्हता.

प्रश्न (नाशिक) : ४४०ऐवजी ४३२ हर्ट्झ लावलं तर मन शांत होतं, ते निसर्गाचं कंपन आहे असं सगळीकडे वाचतो. पियानो ४३२ला ठेवू का?

उत्तर : आवडत असेल तर जरूर ठेवा, काही बिघडत नाही, सूर सुमारे ३२ सेंटने उतरतो आणि उतरलेला सूर जरा मऊ वाटतो इतकंच. निसर्गाचं म्हणाल तर हर्ट्झ म्हणजे सेकंदाला इतकी कंपनं, आणि सेकंद केवढा हे माणसाने ठरवलंय, त्यात सृष्टीचा आकडा कुठून येणार. एकोणिसाव्या शतकात इटलीत संगीतकार व्हेर्दी यांनी ४३२ला पाठिंबा दिला होता तो पट्टी खाली आणावी म्हणून, कारण तेव्हा ऑर्केस्ट्रा ती चढवतच चालले होते. हे कारण मला पटतं. तुमच्यासोबत कोणी पेटी किंवा बासरी वाजवणार असेल तेव्हा मात्र आठवणीने परत ४४०वर या, नाहीतर त्यांची पंचाईत होईल.

प्रश्न (श्टुटगार्ट, जर्मनी) : मी इथे हौशी बरोक (बाखच्या काळातल्या संगीताच्या) ग्रुपमधे कीबोर्डवर साथ करतो. ते ४१५ला वाजवतात. माझ्या पियानोत ट्यूनिंग ४२७च्या खाली जातच नाही. आणि ग्रुपच्या बाई म्हणतात वेर्कमाइस्टर लाव, ते काय असतं?

उत्तर : ४१५ म्हणजे ४४०पासून जवळजवळ बरोब्बर अर्धा सूर खाली, म्हणून ट्यूनिंग ४४०वरच ठेवा आणि ट्रान्सपोज −१ करा, ४१५.३ मिळतं, तो फरक कोणाला ऐकू येणार नाही. तुमच्याकडे ऑर्केस्ट्रा बहुतेक ४४२-४४३ला लावतात, तिथे कधी बसलात तर तेव्हा मास्टर ट्यूनिंग वापरायचं.

वेर्कमाइस्टर हे जर्मन ऑर्गन-जाणकार, त्यांनी १६९१मधे छापलेल्या पद्धतींपैकी तिसरी तुमच्या मेनूत असते. वर कोल्हापूरच्या उत्तरात जे २४ सेंट उरले ते यांनी बाराही पंचमांत न वाटता फक्त चार पंचमांतून कापले. त्यामुळे सी मेजरचा गंधार ३९०वर येतो, अगदी गोड, आणि ए फ्लॅट मेजरचा जातो ४०८वर, चांगलाच तिखट. म्हणजे प्रत्येक पट्टीचा स्वभाव वेगळा होतो आणि तरी वाजत नाही अशी पट्टी एकही नाही. बाख यांच्या काळातल्या संगीताला हा फरक फार शोभतो, एकदा सवय झाली की इक्वलमधे तेच संगीत सपाट वाटायला लागतं. "मीनटोन" त्याहून जुनं, त्यात आठ गंधार शुद्ध मिळतात पण जी शार्प ते ई फ्लॅट हा पंचम ७३८ला जाऊन अक्षरशः किंचाळतो, त्यामुळे आधीच्या शतकातलं काही वाजवणार असाल तरच लावा आणि नोटेशनमधे ए फ्लॅट कुठे आहे का ते तपासून घ्या. ट्रान्सपोज −१ लावल्यावर सी-ई आणि ए फ्लॅट-सी या दोन जोड्या वाजवून बघा. पहिली शांत आणि दुसरी तिखट असेल तर बेस की जागेवर आहे, उलटं ऐकू आलं तर ती एका पट्टीने सरकवा.

प्रश्न (मडगाव, गोवा) : चर्चच्या क्वायरमधे जुना पाइप ऑर्गन आणि आमचा डिजिटल पियानो एकत्र वाजतात. मधल्या सप्तकात ट्यूनिंग जुळवलं तरी वर गेलं की पियानो चढा वाटतो.

उत्तर : हे "स्ट्रेच"मुळे होतं. खऱ्या पियानोची तार जाड आणि ताठ असते म्हणून तिचे वरचे अंशसूर, म्हणजे मूळ सुरासोबत उमटणारे बारीक वरचे सूर, हिशोबापेक्षा थोडे चढे निघतात, आणि ट्यूनर त्यांना धरून वरची सप्तकं चढवत आणि खालची उतरवत नेतो, अगदी टोकाला वीस-तीस सेंटपर्यंत. डिजिटल पियानोत तेच जसंच्या तसं उचललेलं असतं. ऑर्गनच्या नळ्यांना हा प्रकार नाही. मेनूत "स्ट्रेच ट्यूनिंग" असेल तर बंद करा किंवा "फ्लॅट" ठेवा. नसेल तर पियानोऐवजी ऑर्गन किंवा स्ट्रिंग्जचा आवाज घ्या, त्यात बहुतेक वेळा स्ट्रेच नसतो. आणि तुमच्याकडच्या उन्हाळ्यात नळ्यांतली हवा तापली की ऑर्गनचा सूर चढतो, तापमानाच्या दर अंशाला साधारण तीन सेंट, पियानो मात्र जिथल्या तिथे राहतो, म्हणून एप्रिल-मेमधे चर्चमधल्या दर प्रार्थनेच्या आधी पट्टी पुन्हा जुळवून घ्या, सकाळचा आकडा संध्याकाळी चालत नाही.

प्रश्न (ठाणे, अकरावीचा विद्यार्थी) : ताई, प्युअर मेजर लावून रेकॉर्ड केलं पण लॅपटॉपवर ऐकलं तर इक्वलच येतं. आणि पियानो बंद करून चालू केला की सेटिंग गायब!

उत्तर : तू बहुतेक मिडी रेकॉर्ड केलंयस. मिडीतून फक्त कुठली पट्टी, किती जोरात, किती वेळ एवढंच जातं, सूर तुझ्या लॅपटॉपमधलं सॉफ्टवेअर स्वतःच्या हिशोबाने वाजवतं. पियानोतला सूर हवा असेल तर लाइन-आउट किंवा हेडफोनच्या जॅकमधून आवाज रेकॉर्ड कर, किंवा पियानोला यूएसबी ऑडिओ असेल तर तो घे. नाहीतर सॉफ्टवेअरमधेच टेम्परामेंट लाव, पियानोटेकसारख्यांत ती सोय आहे, तिथेही बेस की वेगळी द्यावी लागते ते विसरू नकोस.

गायब होण्याचं म्हणशील तर बऱ्याच मॉडेलमधे बंद केल्यावर टेम्परामेंट परत इक्वल होतं, दुसऱ्याने चुकून बेसूर पियानो समजू नये म्हणून. मेनूत रोलँडला "मेमरी बॅकअप", कवाईला "स्टार्टअप सेटिंग", कॅसिओला "ऑटो रिझ्यूम" अशा नावाने साठवायची सोय शोध. घरात अजून कोणी तोच पियानो वाजवत असेल तर साठवू नकोस, रोज लाव. पट्टी, टेम्परामेंट, बेस की आणि ट्रान्सपोज, चारही आकडे चिठ्ठीवर लिहून पियानोच्या बाजूला चिकटवून ठेव.